गॅस वर जातो

माणूस दुसऱ्याच्या घरात शिरला की आधी माणसांकडे बघतो, मग बसायला जागा शोधतो. हा माणूस आत आला की छताकडे बघायचा. आपण "या, बसा" म्हणेपर्यंत तो स्वयंपाकघराच्या दारात पोचलेला असायचा. मान वर, तोंड अर्धवट उघडं. मग विचारायचा, "वरची जाळी कुठाय?"

कसं काय नाही, बरं आहे ना नाही. वरची जाळी कुठाय.

बिल्डिंगमध्ये सगळे त्याला बॉयलरकाका म्हणायचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात त्याने जन्मभर बॉयलर सांभाळला. मी त्याला नुसतं बॉयलर म्हणायचो आणि तो मला बाटलेवाले म्हणायचा. मी गॅसचे बाटले वाहिलेत. आधी हातगाडीवर, मग एजन्सीच्या टेम्पोवर. कोपरपासून ठाकुर्लीपर्यंत अशी एक बिल्डिंग दाखवा जिचा जिना माझ्या पायाखालून गेला नाही. भरलेला बाटला खांद्यावर घेऊन चार माळे चढायचे, वर पोचल्यावर नळी तपासायची, शेगडी पेटवून दाखवायची, रिकामा घेऊन उतरायचं. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलेलो, तेही नीट नाही. पण गॅस मला कोणी शिकवायचा नाही, असं मी म्हणायचो. तोंडावर म्हणायचो.

आता तो नाही. झोपेत गेला, कोणाला त्रास न देता. आमच्या घरात जे झालं त्याची गोष्ट बिल्डिंगमध्ये प्रत्येकजण आपापल्या परीने सांगतो. मी माझ्या हाताने लिहून ठेवतो. अक्षर वाकडं आहे, गोष्ट सरळ आहे.

आम्ही तिसऱ्या माळ्यावर, तो बरोबर आमच्या डोक्यावर, चौथ्या माळ्यावर. एकटाच. अंगात सुती शर्ट, बारा महिने सुती. टेरीकॉटला ठिणगी उडते म्हणायचा. वरच्या खिशात दाढीचा ब्रश आणि शॅम्पूच्या पाण्याची छोटी बाटली. कोणाकडे गेला की गप्पा मारता मारता शेगडीच्या नळीला ब्रशने फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघत बसायचा. चहा आला तरी नजर फेसावर. दुसऱ्या माळ्यावरच्या एका बाईंनी एकदा रागाने विचारलं, "काका, तुम्ही आमच्याकडे येता की आमच्या शेगडीकडे?"

"शेगडीकडे," तो म्हणाला. "तुम्ही बऱ्या दिसताय."

त्याच्या घरी चहा मिळणं म्हणजे शिक्षा असायची असं लोक सांगायचे. शेगडी पेटवायच्या आधी तो खिडकी उघडायचा, वर्तमानपत्राने वारा घालायचा आणि मोठ्याने वीसपर्यंत मोजायचा. मग काडी. डाव्या कानाने त्याला ऐकू यायचं नाही, त्यामुळे मोजणंही असं जोरात की आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचं. सकाळी सहा वाजता वर मोजणी सुरू झाली की आमची ही म्हणायची, "उठा, भाऊजींचे वीस झाले."

कानाचं कारण त्याने मला एकदाच सांगितलं. कारखान्यात आधी भट्टीचं काळं तेल जाळायचे. शर्ट काळा, रुमाल काळा, थुंकी काळी. मग तिथे पाइपाने गॅस आला आणि महिनाभरात याचा खोकला गेला. धुराड्यातून धूर दिसेना. याची बायको तेव्हा होती, ती म्हणाली, तुम्ही कामाला जाता की दुसरीकडेच कुठे जाता? इतके कपडे स्वच्छ. सगळे खूश. आणि एक दिवस बर्नर विझला. परत पेटवायच्या आधी भट्टीत हवा फिरवून आतला गॅस बाहेर काढायचा असतो. सुपरवायझरला घाई होती. तो म्हणाला, पेटव. याने पेटवला. भुवया गेल्या, कान गेला, शेजारी उभा असलेला माणूस दोन महिने हॉस्पिटलात.

"तेलाची भट्टी चुकलात तर धूर सोडते, शिव्या घालते, सांगते," तो मला म्हणालेला. "गॅस सांगत नाही, बाटलेवाले. तो आपला सभ्य माणसासारखा शांत असतो."

"मग वाईटच की."

"वाईट कसा? माझा खोकला गेला ना?"

हा असा माणूस. त्याच्यापुढे गॅसची स्तुती केली की तो तोटे काढायचा आणि तोटे काढले की फायदे. कोणाच्याच बाजूला नीट उभा राहायचा नाही. मला असली माणसं आवडत नाहीत. माणसाने एक धरावं आणि धरून ठेवावं. मी तसाच आहे.

आमच्या भागात घरोघरी पाइपाचा गॅस येणार म्हणून रस्ता खणला तेव्हा सोसायटीची मीटिंग झाली, गच्चीवर. सेक्रेटरीबाई पहिल्या माळ्यावरच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही यावर काम केलंय. जरा फायदे सांगा सगळ्यांना."

तो उभा राहिला. म्हणाला, बुकिंग नको, वाट बघणं नको, जिन्यात आपटाआपट नको. भांड्याला काजळी धरत नाही. कोळसा, घासलेट, तेल, सगळ्यांपेक्षा घाण कमी. लोकांनी माना डोलावल्या. सेक्रेटरीबाईंनी सह्यांचा कागद पुढे सरकवला.

"आता दुसरं ऐका," तो म्हणाला. "रस्त्यात कोणी खणताना लाइन तोडली की सगळ्या गल्लीची चूल एकदम बंद. हा गॅस समुद्राखालून निघतो आणि निम्मा परदेशातून जहाजाने येतो. तिकडे कुठे लढाई लागली की इकडे तुमची भाकरी महाग. आणि धूर दिसत नाही म्हणजे हवेला काही होत नाही असं समजू नका. कोळशापेक्षा बरा, पण साधुसंत नाही. जमिनीतलाच आहे, एक दिवस संपणार."

"काका," कोणीतरी ओरडलं, "तुम्ही हो म्हणताय का नाही म्हणताय?"

"मी वरची जाळी म्हणतोय."

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. तो माझ्याकडे वळला. "बाटल्यातला गॅस जड. सांडला की पाण्यासारखा फरशीवर पसरतो. हे बाटलेवाल्यांना माहिती आहे. पाइपातला हलका. सुटला की वर जातो. वर वाट असेल तर निघून जातो, म्हणून चांगला. वाट नसेल तर छताला चिकटून बसतो, म्हणून वाईट. ज्याची वरची जाळी उघडी त्याने सही करावी. बाकीच्यांनी बाटला ठेवावा."

मी उठून म्हणालो, "गॅस म्हणजे गॅस. मला वर-खाली शिकवू नका."

मग हा माणूस बांबूची काठी घेऊन बिल्डिंगभर फिरला. आमच्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात छताला लागून बाहेरच्या भिंतीत एक हात-दीड हाताचं भोक आहे, हवेसाठी ठेवलेलं. ते कोणीच उघडं ठेवत नाही. कबुतरं. कोणी पुठ्ठा कोंबला, कोणी काच बसवली, कोणी जुनी उशी. हा काठीने उशी पाडायचा आणि शिव्या खायचा. शेवटी पंधरा घरांची भोकं मोकळी झाली. सोळावं घर माझं.

माझ्याकडे प्लायवूडची फळी होती, चारी बाजूंनी खिळे मारलेली. ती मी हौसेने लावली नव्हती. आमच्या हिला दमा आहे. हिवाळ्यात तिची छाती अशी वाजते की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. ठाण्याला नौपाड्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, कबुतरांची घाण घरात नको, तिच्या श्वासावर येईल. मग मी भोक बंद करू नको तर काय करू?

हे मी त्याला सांगितलं. तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मग बारीक तारेची जाळी बसवा. कबुतर येणार नाही, गॅस जाईल. वहिनींचा श्वास दोन्हीकडून सांभाळायला पाहिजे."

बोलणं चूक नव्हतं. पण ते त्याने बोललेलं होतं. मी म्हणालो, "जाळीतून पिसं येतात. माझ्या घरात काय ठोकायचं ते मी ठरवतो."

दुसऱ्या दिवशी दारात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाळी. बरोबर मापाची, नजरेनेच माप घेतलं असणार. मी ती नेऊन त्याच्या दाराला टेकवली. संध्याकाळी परत आमच्या दारात. असं सात-आठ वेळा झालं, ती जाळी जिन्यात वर-खाली करत राहिली. मग एक दिवस ती दिसेनाशी झाली. मला वाटलं, हरला.

बिल्डिंगमध्ये पाइप आले. मी घेतला नाही. आणि एकदा माझा दिवस आला. ठाकुर्लीच्या बाजूला कोणीतरी खणताना लाइन तोडली आणि दोन दिवस पंधरा घरांच्या शेगड्या थंड. आमच्याकडे बाटला. ही दम लागेपर्यंत खिचडी करत होती आणि मी दारात उभा राहून वाटत होतो. तोही आला, ताट घेऊन, रांगेत.

"बाटलेवाले, आज तुमचा दिवस," म्हणाला. मग आत वाकून, "वहिनी, खिचडी छान. जाळी बसवली का?"

पण कंबर कोणाची राहते? मी सत्तरी ओलांडल्यावरही बाटला खालून स्वतः वर आणायचो, पोऱ्या आणून देत असताना. एकदा दुसऱ्या माळ्यावर कंबरेत अशी कळ आली की बाटला हातातून सुटला आणि चौदा पायऱ्या वाजत गेला. सगळ्यांची दारं उघडली. बॉयलर वरून वाकून बघत होता. खाली गेला, बाटला जिन्यात आडवा पडलेला तो सरळ उभा केला, त्याला फेस लावून बघितला आणि वर निघून गेला.

त्या महिन्यात मी पाइप घेतला. सुनेने फॉर्म भरला. मी कोणाला काही सांगितलं नाही.

पाइप बसवायला फिटर आला तो चाळिशीचा, कामाला पक्का. त्याने फळी बघितली. "आबा, हे उघडं लागेल. नाहीतर मी मीटर चालू करू शकत नाही." मी समोर फळी काढली. त्याने केशरी नळी लावली, दोन बाजूंना पट्ट्या आवळल्या, फेस लावून दाखवला आणि म्हणाला, "आबा, या नळीला हात लावू नका. काही लागलं तर फोन करा." तो गेला आणि संध्याकाळी मी फळी परत ठोकली. आधीपेक्षा लांब खिळ्यांनी.

आता माझी चूक लिहितो.

हिला ओट्याच्या कोपऱ्यात वाफेने गुदमरायचं. मी ठरवलं, शेगडी खिडकीजवळ सरकवायची, म्हणजे हवा लागेल. केशरी नळी तिथपर्यंत पोचेना. फिटरला फोन करायचा? मी? माझ्या हाताने हजारो नळ्या लागल्यात. स्वयंपाकघरातल्या माळ्यावर माझी कामाची जुनी पिशवी होती, तिच्यात बाटल्याची जुनी हिरवी नळी, लांब. दुपारी ही पलीकडच्या खोलीत झोपलेली असताना मी केशरी काढली, हिरवी लावली, जुनीच पट्टी आवळली. केशरी टाकून दिली. हिला म्हणालो, फिटर येऊन गेला, त्याने लांब लावून दिली.

पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. भाकऱ्या झाल्या, पोहे झाले. खिडकीशी उभं राहून तिला बरं वाटायचं. मला माझ्या हातांचा अभिमान वाटला.

त्या दुपारी मी तिचा दम्याचा पंप आणायला मेडिकलमध्ये गेलेलो. सून आणि मुलगा कामावर. परत आलो, दार उघडलं आणि वास. ही बाहेरच्या खोलीत उठून बसलेली, पदर नाकाला. "अहो, कसला तरी वास येतोय," म्हणाली आणि खोकायला लागली.

मी घाबरलो नाही. असे वास मी आयुष्यात शंभर वेळा घालवलेत. भिंतीवरचा कॉक बंद केला. नळी कॉकवरून अर्धी निसटलेली, पट्टी सैल. ती परत दाबून बसवली. खिडकी सताड उघडली, घराचं दार उघडलं. मग गोणपाट ओलं केलं, गुडघ्यावर बसलो आणि फरशीवरून झाडत झाडत दाराकडे निघालो. ओट्याखाली झाडलं, फ्रिजखाली सूप घालून वारा घातला. बाटल्याचा गॅस असाच काढायचा असतो, खाली साचलेला, रेटून बाहेर. नाक फरशीला लावून बघितलं. वास नाही.

"झालं," मी म्हणालो. "निघाला सगळा. चहा टाक जरा, घसा बसलाय."

ती उठली, स्वयंपाकघरात आली, ओट्यावरचा लायटर उचलला.

दारावर काठी आपटली. बेल नाही, काठी. दार उघडंच होतं. तो आत आला तो पळत, अनवाणी, आणि ओरडला, "वहिनी, हात खाली!"

ती तशीच उभी. त्याने तिच्या हातातला लायटर काढून घेतला, खिडकीतून बाहेर फेकून दिला. मग मान वर केली.

"बाटलेवाले, खाली काय शोधताय? तो वर आहे. माझ्या मोरीच्या पाइपाच्या फटीतून माझ्या घरात येतोय."

"कॉक बंद केलाय मी. खिडकी उघडी आहे."

"खिडकीची चौकट संपते तिथपासून छतापर्यंत बघा. दोन हात जागा. माळा. तिथून तो बाहेर कसा जाईल? खिडकीतून खाली उतरून?"

मी वर बघितलं. छत नेहमीचंच छत होतं. काही दिसत नव्हतं. आणि मग टक् असा आवाज झाला.

आमचा फ्रिजचा स्टॅबिलायझर. मीच तो वर बसवलेला, माळ्याच्या खाली, भिंतीला पत्रा मारून, म्हणजे पाणी लागणार नाही. लाइट कमी-जास्त झाली की तो आपोआप टक् करतो, आत बारीक ठिणगी उडते. दिवसातून किती वेळा करतो ते कोणी ऐकत नाही. तेव्हा आम्ही तिघांनी ऐकला.

बॉयलरचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पांढरा झाला आणि लगेच जागेवर आला. त्याला तो आवाज उजव्या कानाने आला असणार.

"कोणी बटणाला हात लावू नका," तो हळू म्हणाला. वासाने वर आलेल्या सेक्रेटरीबाई दारात उभ्या होत्या. त्यांना म्हणाला, "ताई, सगळ्यांना खाली काढा. बेल वाजवू नका, हाका मारा. मेन स्विच काढू नका."

"काका, लाइट बंद करायला नको?"

"बंद केली तरी तो टक् करणार. आधी वर वाट करू द्या, मग मी ओरडतो."

त्याने काठीने फळीला ढोसलं. फळी हलली नाही. परत ढोसलं. मी लावलेले खिळे.

"हातोडी?" मी विचारलं.

"लोखंडावर लोखंड? नको. हाताने. तुम्ही मारलेत, तुम्हालाच माहीत कुठला खिळा सैल आहे."

एकही सैल नव्हता. हे मला माहीत होतं.

मी ओट्यावर चढलो. कंबरेने ओरडून सांगितलं, तिकडे लक्ष दिलं नाही. डोकं माळ्याच्या पातळीला गेलं आणि वासाचा गोळा तोंडावर आला. खाली नव्हताच तो. सगळा इथे होता, माझी वाट बघत. डोकं गरगरलं. बॉयलरने माझे पाय घट्ट धरले.

"श्वास धरा. खाली वाका, घ्या, परत वर जा," तो सांगत होता.

मी बोटं फळीच्या खालच्या कडेत घातली आणि ओढलं. कड मोडली, फळी तशीच. परत वाकलो, श्वास घेतला, परत वर. बाजूला, हातभर अंतरावर, स्टॅबिलायझरचा लाल दिवा जळत होता.

"वहिनी, तुम्ही खाली जा," बॉयलर म्हणाला.

"हे उतरल्याशिवाय मी जायची नाही."

"अगं जा!" मी वरून ओरडलो.

"तुम्ही तुमचं ओढा," ती म्हणाली आणि खोकत खोकत दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचा पंप माझ्या खिशात होता. हे मला तेव्हा आठवलं. तिची छाती वाजत होती आणि पंप माझ्या खिशात, आणि माझे दोन्ही हात फळीत.

"बॉयलर, माझ्या खिशात पंप आहे. तिला द्या."

"पाय सोडले तर पडाल."

"पडलो तर पडलो. द्या म्हणतो ना!"

त्याने एका हाताने माझी पिंढरी धरली, दुसऱ्याने खिसा चाचपला, पंप तिच्याकडे टाकला. तिने घेतला की नाही ते मला दिसलं नाही. मी सगळा भार मागे टाकला, जसा भरलेला बाटला खांद्यावर घ्यायच्या वेळी टाकायचो तसा. फळी करकरली. एक बाजू सुटली. खिळा तळहातातून आरपार गेल्यासारखा वाटला. दुसऱ्यांदा ओढली आणि ती माझ्यासकट खाली आली, बॉयलरच्या अंगावर.

वर आभाळाचा चौकोन दिसला. तिथून वारा येतोय की जातोय ते कळत नव्हतं. बॉयलर फरशीवर पडल्या पडल्या त्या चौकोनाकडे बघत होता आणि मोजत होता. मोठ्याने. या वेळी वीसवर थांबला नाही. मी हिला धरून जिन्यात नेलं, तरी त्याचं मोजणं ऐकू येत होतं. खूप वेळाने त्याची हाक आली, "ताई, काढा मेन!"

बिल्डिंगची लाइट गेली. काही झालं नाही.

अर्ध्या तासाने ही पायरीवर बसून नीट श्वास घेत होती. मग उठली, आत गेली आणि पलंगाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाळी काढून आणली. बॉयलरसमोर धरली. "भाऊजी, बसवा आता." त्याने ती तेव्हाच बसवली. स्टूल मी धरलं. माझे हात फडक्यात बांधलेले.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

गॅसवाल्यांचा तातडीचा माणूस यायच्या आधी मी हिरवी नळी काढून पिशवीत कोंबली. तो आला, कॉक बघितला, म्हणाला, "नळी कुठाय?" मी म्हणालो, निसटली, फेकून दिली. म्हणाला, "कोणी लावलेली?" खोलीत दहा माणसं उभी होती. सगळी माझ्याकडे बघत होती, बाटलेवाल्याकडे, ज्याला गॅस कोणी शिकवायचा नाही.

"तुमच्याच माणसाने," मी म्हणालो.

बॉयलर स्टॅबिलायझर खाली उतरवत होता. त्याचा हात थांबला. मग परत चालू झाला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीबाईंनी फिटरविरुद्ध तक्रार लिहिली. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, सगळ्यात वर, गिरवून. बॉयलरने केली नाही. लोक वैतागले. एकजण म्हणाला, "काका कायमचेच उलटे." तातडीच्या माणसाने जाताना सांगितलेलं, तो फिटर कंत्राटावरचा आहे, तक्रार गेली की उद्यापासून घरी बसेल.

त्या दुपारी ही माझ्या हाताची पट्टी बदलत होती. खाली बघत म्हणाली, "नळी कोणी लावलेली?"

"फिटरने. सांगितलं ना."

"अहो, मी जागी होते. दारातून बघत होते."

मी हात काढून घेतला. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुमच्याशी?"

एवढंच म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं. आणि परत माझा हात ओढून पट्टी बांधायला लागली.

मी वर गेलो. इतक्या वर्षांत मी त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो. त्याने दार उघडलं, बसा म्हणाला नाही. मांडणीवरच्या वाटीतून नळीची पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही बाटल्याच्या नळीची आहे. ओट्याखाली पडलेली. मी लगेच ओळखली."

"मग बोललात का नाही?"

"तुमच्या घरातलं होतं. तुम्ही बोलायचं होतं." "पण सोमवारी तक्रार जाणार. रविवारपर्यंत वाट बघितली असती, मग मीच बोललो असतो. तेवढा मी तुमचा मित्र नाही."

"चला," मी म्हणालो.

आम्ही दोघं पहिल्या माळ्यावर गेलो. सेक्रेटरीबाईंनी दार उघडलं, हाताला पीठ लागलेलं. मी पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणालो, "ताई, नळी मी लावली. फळीही मीच परत ठोकली. तो फिटर मला सांगून गेलेला, हात लावू नका म्हणून. माझ्या सहीवर काट मारायची आहे."

त्यांनी पट्टी उचलून उलटसुलट करून बघितली. "आबा, मग बाकीच्या सह्यावाल्यांना मी काय सांगू?"

"सांगा, बाटलेवाल्याने लावली. नावासकट सांगा."

त्यांनी कागद आणला. मी काट मारली. मागे जिन्यात कोणीतरी धापा टाकत होतं. वळून बघितलं तर ही, कठड्याला धरून, दोन माळे उतरून आलेली.

"वहिनी, तुम्ही कशाला उतरलात एवढं?" बॉयलर म्हणाला.

तिने आधी श्वास पुरा घेतला.

"ऐकायला," म्हणाली.